बटण दाबल्याशिवाय वेळ नाही

एलईडी घड्याळ बंद पडलंय की चालू आहे, हे बघून कळत नाही. दोन्ही अवस्थांत मनगटावर नुसती गडद लाल काच. बटण दाबलं तर एलईडीचे, म्हणजे बारीक लाल दिव्यांचे, आकडे उजळतात, क्षणभर थांबतात आणि विझतात. काकांचं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा बटण दाबूनही काहीच उजळेना, एवढाच काय तो फरक.

हा अंधार नखऱ्याचा नव्हे, नाइलाजाचा. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ती मोजदाद करायला वीज लागते अगदी किंचित. आकडे पेटवायला मात्र तिच्या हजारो पटींनी जास्त. ते सतत पेटते ठेवले तर बटणाएवढे सेल कधीच संपतील. म्हणून 1972 साली हॅमिल्टन कंपनीचं पहिलं ‘पल्सार’ एलईडी घड्याळ विकायला आलं, ते अठरा कॅरट सोन्याचं आणि 2,100 डॉलर किमतीचं असूनही मालकाला वेळ दाखवायचं ती जेमतेम सव्वा सेकंद! पुढे 1976 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लास्टिकचं एलईडी घड्याळ 20 डॉलरला आणलं आणि श्रीमंती थाट संपला. मग स्वतः न उजळणाऱ्या आकड्यांची एलसीडी आली, तिचे आकडे कायम दिसत. दाबादाबीची गरजच उरली नाही.

गैरसोय तर होतीच. एका हातात पिशवी असली की किती वाजले ते कळायची सोय नाही. कंटाळवाण्या बैठकीत चोरून घड्याळ बघणंही अशक्य. दुसरा हात मनगटाकडे गेला, की सगळ्यांना कळलंच. काकांना मात्र यातच मजा वाटायची. आम्हा मुलांना वेळेशी देणंघेणं नसे, तरी “काका, किती वाजले?” असं सारखं विचारायचो, आणि ते दर वेळी बटण दाबून दाखवायचे. सेल महाग पडतात, असं काकू म्हणत राहायची.

मागचं झाकण काढल्यावर सेल कशाने मेले ते दिसलं. गळून त्यांच्याभोवती पांढरट-हिरवट थर जमला होता. ही गळती अल्कधर्मी असते, त्यामुळे कापूस गुंडाळलेल्या काडीने व्हिनेगर लावलं की थर सुटतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यायचं. आकड्यांच्या जवळ मात्र काडी न्यायची नाही. तिथल्या जोडणीच्या तारा केसाहून बारीक असतात, तुटल्या की संपलं. बटणाखालची पत्ती घासून चपटी झाली होती. ती चिमट्याने हलकेच उचलली तेव्हा मनात आलं, हिची ही अवस्था आम्हीच केली.

नवे सेल घेताना आकार जुळला म्हणजे काम झालं, असं नाही. त्याच मापाचे दोन प्रकार मिळतात. कमी विजेच्या घड्याळांसाठीचे सेल एलईडीचा भार पेलत नाहीत. बटण दाबताच व्होल्टेज ढासळतं, आकडे मिणमिणतात, कधी लावलेली वेळही पुसली जाते. जास्त विजेसाठीचे सेल बघून घ्यावे लागतात.

ते घातले आणि लाल आकडे आले. फक्त शेवटच्या आकड्याची मधली आडवी रेघ पेटत नाही. सगळ्याच आकड्यांची तीच रेघ गेली असती तर दोष त्यांना वीज पुरवणाऱ्या चिपमध्ये शोधला असता; एकाचीच गेलीय, म्हणजे ती रेघ तरी मेली किंवा तिची तार तरी तुटली. आठाचा शून्य दिसतो, त्यामुळे 4:18 आणि 4:10 अगदी सारखे. दुसऱ्या घड्याळातून आकडे काढून बसवता येतात म्हणे. पण एका रेघेसाठी चालतं घड्याळ मारायचं, हे मला पटत नाही. शून्य दिसला आणि शंका आली, की मिनिटभराने पुन्हा बटण दाबायचं. एक आला तर दहा होते, नाहीतर अठरा.