तुम्ही विचारलंत म्हणून : एमटीएनएल एकदाची विकून का टाकत नाहीत?

ठाण्यात नाहीतर वाशीत टेलिफोन खात्याची माहिती असलेला माणूस भेटला की चहा यायच्या आत हा प्रश्न येतो. "व्हीएसएनएल टाटांना दिली ना? मग एमटीएनएलही द्या कोणाला तरी. निदान फोन तरी धड चालेल." प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र "सरकारला जमत नाही" इतकं सोपं नाही. टेलिफोन कंपनीची खरी किंमत तिच्या मक्तेदारीत असते. ती हातात असताना विकली तर गिऱ्हाईक मिळतं. ती गेल्यावर विकायला काढली तर समोरचा फक्त जागेचा भाव विचारतो.

दोन्ही सरकारी कंपन्या एकाच दिवशी, १ एप्रिल १९८६ ला सुरू झाल्या. परदेशी फोन व्हीएसएनएलकडे आणि दिल्ली-मुंबईतले स्थानिक फोन एमटीएनएलकडे. मुंबईत ठाणे आणि नवी मुंबईही आली. डोंबिवलीला ०२५१ लागतो, तिथून बीएसएनएलची हद्द.

व्हीएसएनएल विकली १३ फेब्रुवारी २००२ ला. २५ टक्के शेअर, दर २०२ रुपये, एकूण १,४३९ कोटी, आणि घेणारी टाटांची पॅनाटोन फिनव्हेस्ट. आता तारीख बघा. परदेशी फोनची मक्तेदारी आधी २००४ पर्यंत राहणार होती. ती दोन वर्षं अलीकडे ओढून ३१ मार्च २००२ ला संपवायचं ठरलं होतं. म्हणजे विक्री झाली तेव्हा मक्तेदारीचा जेमतेम दीड महिना उरला होता. महिना-दोन महिने उशीर झाला असता तर हा दर आला असता का, याची मला शंका आहे.

विकण्याआधी सरकारने आणखी एक काम केलं. कंपनीच्या तिजोरीतून शेअरमागे ७५ रुपये खास लाभांश काढून घेतला. शेअर साडेअठ्ठावीस कोटी, म्हणजे दोन हजार कोटींच्या वर रक्कम बाहेर पडली. सरकारचा वाटा तेव्हा जवळपास ५३ टक्के होता, तेव्हा त्यातला निम्म्याहून जास्त पैसा सरकारकडेच आला. "कवडीमोलाने विकली" म्हणणारे १,४३९ कोटींचा आकडा सांगतात, हा दुसरा आकडा सांगत नाहीत. उरलेल्यापैकी कंपनीचा २६.१२ टक्के हिस्सा सरकारने २०२१ मध्ये विकला, त्याचे सुमारे ८,८०० कोटी आले. हिशेब करायचा तर सगळा धरून करायला हवा.

बिघडलं ते सही झाल्यानंतर. तीनच महिन्यांत व्हीएसएनएलच्या नव्या संचालक मंडळाने टाटांच्याच दुसऱ्या फोन कंपनीत, टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये १,२०० कोटी घालायचं ठरवलं आणि तेव्हाचे दूरसंचार मंत्री प्रमोद महाजन उघडपणे भडकले. दुसरं लोढणं जमिनीचं. व्हीएसएनएलकडे वापरात नसलेली ७७३ एकर जमीन होती, त्यातली पाचशेवर एकर एकट्या पुण्यात दिघीला. ती विक्रीच्या भावात धरली नव्हती, वेगळी काढायची असं करारातच होतं. ती वेगळी होऊन हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाने शेअर बाजारात यायला २०२० उजाडलं. कंपनी एका सहीने गेली आणि सातबारा अठरा वर्षं घोळत राहिला. सरकारी कंपनी विकताना जमीन आधी सोडवून घ्यावी, असं माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

उलट टोकाचं उदाहरण मेक्सिकोचं. तिथे १९९० मध्ये टेलमेक्स ही सरकारी टेलिफोन कंपनी विकली ती लांब पल्ल्याच्या फोनची मक्तेदारी १९९६ पर्यंत चालू ठेवून. सरकारला पैसे बरे मिळाले, पण ती मक्तेदारी फोन करणाऱ्यांच्याच खिशातून भरली गेली. मक्तेदारीसकट विकणं हा काही आदर्श नव्हे.

आता एमटीएनएल. मुंबईत खासगी मोबाईल १९९५ ला सुरू झाला. एमटीएनएलचा मोबाईल आला २००१ मध्ये. गिऱ्हाईक हातचं जात असताना सहा वर्षं बघत बसावं लागलं. मग २०१० चा स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाईलला लागणाऱ्या रेडिओलहरींचा पट्टा. लिलावात भाग न घेता, खासगी कंपन्यांनी चढवलेलाच भाव एमटीएनएलला भरायला लावला: थ्रीजीचे ६,५६४ कोटी आणि ब्रॉडबँड वायरलेसचे ४,५३४ कोटी. तोही देशातल्या सगळ्यात महाग दोन शहरांचा. हातातली शिल्लक गेली आणि कर्ज सुरू झालं. आज ते तीस हजार कोटींच्या वर आहे आणि वर्षाचं सेवेचं उत्पन्न हजार कोटीही नाही. त्या कर्जातला मोठा भाग सरकारच्या हमीवरच्या रोख्यांचा आहे. कंपनी विकली तरी ते फेडायची जबाबदारी सरकारवरच राहते.

घेणाऱ्याला बाकी काय मिळेल? एक्स्चेंजमधल्या एमडीएफपासून, म्हणजे सगळ्या लाईन जिथे जोडलेल्या असतात त्या फ्रेमपासून, तांब्याच्या तारांच्या शेकडो जोड्यांची प्रायमरी केबल निघते, रस्त्यावरच्या कॅबिनेटमध्ये येते, तिथून लहान केबल सोसायटीच्या डीपी बॉक्सपर्यंत (घराघरात लाईन वाटणाऱ्या पेटीपर्यंत) आणि पुढे दोन तारा तुमच्या घरात. या वाटेवर ठिकठिकाणी जॉइंट असतात. ठाण्यात मेट्रोचं, गटाराचं, गॅसलाईनचं खोदकाम झालं की कुठलातरी जॉइंट उघडा पडतो. पहिल्या पावसात पाणी आत शिरतं, इन्सुलेशन उतरतं, फोनवर खरखर आणि ब्रॉडबँड गुल. जॉइंट सुकवून पुन्हा बांधायला जोड्यांचे रंग तोंडपाठ असलेला माणूस लागतो. आणि जानेवारी २०२० च्या स्वेच्छानिवृत्तीत १४,३८७ जण एकदम बाहेर पडले, मागे चार हजारांच्या आसपास राहिले. कुठली जोडी कुठे जाते हे कागदापेक्षा ज्यांच्या डोक्यात जास्त होतं, ते लाईनमन त्यातच गेले. फायबर टाकणाऱ्या कंपनीला हे तांबं मोडीच्या भावानेही नकोसं आहे.

राहता राहिल्या इमारती. नवी मुंबईत जमीन सिडकोची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली, वापर ठरवून दिलेला. पट्टा दुसऱ्याच्या नावावर करायचा तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क, वापर बदलायचा तर वेगळी परवानगी. म्हणून कंपनी विकण्याऐवजी सुटे तुकडे लिलावात काढले जातात. गोरेगावची वसारी हिलची जागा आणि ओशिवऱ्याचे फ्लॅट असेच काढले होते. शिवाय २०२१ च्या सरकारी धोरणात दूरसंचार हे क्षेत्र किमान सरकारी अस्तित्व ठेवायच्या यादीत आहे. त्यामुळे खरेदीदाराची वाट न बघता, जानेवारी २०२५ पासून एमटीएनएलचं कामकाज बीएसएनएलकडे करारावर सोपवलंय.

"मग आमच्या लँडलाईनचं काय करू?" हा पुढचा प्रश्न. आधी लाईन जिवंत आहे का ते बघा. सॉकेटच्या दोन तारांवर मल्टिमीटर डीसीला लावा. फोन खाली असताना ४८ च्या आसपास व्होल्ट आणि उचलल्यावर दहाच्या आत आले तर लाईन ठीक. शून्य आलं तर घरातली वायर सोडवून डीपी बॉक्समध्ये तपासा. तिथेही शून्य असेल तर दोष बाहेरचा. हात ओले ठेवू नका, रिंग येताना तारेवर ७५ व्होल्ट असतात.

नंबर जपायचा असेल तर त्याच कंपनीच्या फायबरवर तो मिळतो का ते विचारा, कारण लँडलाईनचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. बंदच करायचा असेल तर अर्ज, शेवटचं बिल भरल्याची पावती, मोडेम परत केल्याची पावती आणि अनामत परत मागणारं पत्र रद्द केलेल्या चेकसह द्या. फोन बंद केल्याची तारीख लेखी घ्या, नाहीतर भाडं चालू राहतं आणि ते अनामतीतूनच वळतं होतं.