चिलापीवर आरोप आहे, पुरावा कुठाय?

सांगलीत कुणालाही विचारा, कृष्णेतले मासे कुठं गेले? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: चिलापीनं खाल्ले. चिलापी म्हणजे टिलापिया, बाहेरून आणलेला मासा. बाजारात चिलापीचे ढीग असतात आणि वाम, मरळ, शिवडा मागितला की विकणारी मावशी 'कुठल्या काळात राहतेस' अशा नजरेनं बघते. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी हाच विषय घेतला. चिलापीमुळे इथल्या मूळच्या माशांचं नेमकं काय बिघडलं, ते ठरलेल्या पद्धतीनं तपासायचं. गाइड मॅडमनी पहिल्याच बैठकीत बजावलं, "चिलापी भरमसाट आहे, हा परिणाम होत नाही. दुसऱ्या कुणाचं काय झालं, ते दाखव."

पद्धत आययूसीएनची, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, नाव ईआयसीएटी. २०२० मध्ये संघटनेनं ती अधिकृतपणे स्वीकारली. परक्या जातीनं स्थानिक जीवांचं किती नुकसान केलं, याच्या तिच्यात पाच पायऱ्या आहेत. पहिलीवर दखल घ्यावी असं काही नसतं. दुसरीवर स्थानिक मासा रोडावतो, वाढ खुंटते, अंडी कमी पडतात, पण संख्या टिकून असते. तिसरीवर संख्या घटते. चौथीवर तो त्या ठिकाणाहून नाहीसाच होतो, मात्र परका हटवला तर परत येऊ शकतो. पाचवीवर गेला तो कायमचा. शिवाय 'माहिती अपुरी' असा एक वेगळा शेरा आहे. प्रत्येक नोंदीपुढं आपली खात्री किती, जास्त, मध्यम की कमी, हेही लिहावं लागतं. माणसाचं नुकसान यात धरत नाहीत. चिलापीला भाव मिळत नाही, ही मासेमारांची तक्रार खरी असली तरी या तक्त्यात तिला जागा नाही.

नुकसान कोणत्या वाटेनं होतं तेही नोंदवायचं. स्पर्धा, शिकार, संकर, रोगप्रसार, अधिवासाची मोडतोड अशा बारा वाटा दिल्या आहेत. काहींवर लगेच काट मारता आली. संकराचंच बघा. चिलापीचा जवळचा नातलग आपल्या नदीत मूळचा नाहीच, मग संकर होणार कुणाशी? गंमत अशी की हाच संकर मोझांबिक चिलापीच्या माहेरी, आग्नेय आफ्रिकेत, तिच्या मुळावर आलाय. तिथं नाईल चिलापी सोडली गेली, दोघींची सरमिसळ झाली आणि मोझांबिक चिलापी आज आययूसीएनच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, 'असुरक्षित' म्हणून नोंदलेली आहे. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या जातींच्या यादीतही हीच बाई आहे! भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. आपल्या बाजारात दोघींनाही चिलापीच म्हणतात, त्यामुळे प्रत्येक मासा हातात घेऊन शेपटी पसरून बघावी लागायची. शेपटीवर उभे पट्टे एकापाठोपाठ एक स्पष्ट दिसले तर नाईल.

मग 'शिकार' हा रकाना. चिलापी दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लं फस्त करते, असं सगळे सांगतात. मी पोटं फाडायला घेतली. मासा वीतभर, पण आतडं उलगडत गेलं की हातभराच्याही पुढं जातं. शेवाळ आणि कुजकं खाणाऱ्याचं आतडं असंच लांब असतं. आत हिरवट काळा लगदा. काचपट्टीवर थेंबभर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की डायटम या सूक्ष्म शेवाळाची नक्षीदार कवचं, शेवाळाचे तंतू, वाळूचे कण आणि मधूनच एखाद्या किड्याच्या अळीचं टणक डोकं दिसायचं. माशांची अंडी दिसली नाहीत. यावरून ती अंडी खात नाही असं मात्र म्हणता येत नाही. अंडी झटकन पचतात, शिवाय आपले बरेचसे मासे पावसाळ्यात पाणी चढताना अंडी घालतात आणि ऐन त्याच दिवसांत कृष्णेत होडी घालायची कुणाची छाती होत नाही. पुरावा जेव्हा सापडायचा, तेव्हाच आपण काठावर.

जाळ्यात कधीमधी थाई मांगूर हा दुसरा परका मासाही यायचा. २००० पासून देशात त्याच्यावर बंदी आहे, तरी येतोच. त्याच्या पोटात अख्खे मासे सापडतात, त्यामुळे 'शिकार' सिद्ध करायला तो फार सोपा. पण माझा आरोपी दुसरा होता.

'स्पर्धा' या रकान्यात मात्र डोळ्यांनी बघण्यासारखं होतं. उन्हाळ्यात म्हैसाळ बंधाऱ्याच्या बाजूला पाणी उतरलं की काठच्या उथळ गाळात ताटाएवढे गोल खड्डे दिसतात. ही चिलापीच्या नराची कामगिरी. तो खड्ड्यावर पहारा देतो आणि जवळ फिरकणाऱ्या बारक्या माशाला हुसकून लावतो. मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते, पिल्लंही तोंडातच सांभाळते, म्हणून तिची वीण फारशी वाया जात नाही. उथळ जागेसाठी ओढाताण होते, एवढं यातून दिसतं. हुसकलेला मासा त्यामुळे रोडावला का, हे कळायला त्याची वाढ मोजलेली हवी. तशी मोजमापं इथली कुणी केलेली मला मिळाली नाहीत.

जुन्या नोंदींची जागा भोई मंडळींच्या आठवणींनी भरून काढायची ठरवलं. त्यातल्या एका मामांनी माझ्या प्रश्नावलीचा पायाच हलवला. "शेरी नाल्याच्या खाली जाळं टाकून बगा ताई. त्या पाण्यात दुसरं काय जगतंय? हीच तेवढी जगती. मग तुमी म्हणताय हिनं बाकीचे खाल्ले." चिलापी कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरते, हे मी वाचलेलं होतंच. आता तक्त्यात चिलापीच्या शेजारी बाकीचे संशयितही मांडावे लागले: शेरी नाल्यासारखं सांडपाणी, वर धोम-कोयनेची धरणं, ठिकठिकाणचे बंधारे, वाळूउपसा. जाळ्याचा डोळाही बदललेला. पूर्वी चार बोटांचा असायचा, आता दोन बोटांचा, मग तेव्हाची आणि आताची पकड शेजारी शेजारी ठेवणार कशी? म्हणून आठवण सांगणाऱ्या प्रत्येकाला जाळ्याचा डोळा केवढा, हे आधी विचारायचं ठरलं. हा प्रश्न ज्याला वापरायचाय त्यानं माझ्याकडून फुकट घ्यावा.

हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. तिथं दोन्ही अंगांना, एकाच डोळ्याची जाळी एकाच दिवशी लावून घेतली. चिलापी दोन्हीकडं लागली. वाम मात्र वारणेच्या अंगालाच जास्त लागायची. सगळा दोष चिलापीचा असता तर दोन्हीकडं सारखीच वानवा दिसायला हवी होती. अर्थात दोन नद्यांचा तळ वेगळा, ओढ वेगळी, त्यामुळे यावरून चिलापीला सोडूनही देता येत नाही.

शेवटी कृष्णेच्या या पट्ट्यापुरता मी शेरा लिहिला, 'माहिती अपुरी'. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर चिडलेच. "एवढी खटपट करून अपुरी? अख्खी सांगली सांगतेय की चिलापीनं नदी खाल्ली!" मी म्हटलं, सर, घट झालीय यावर वाद नाही, ती कुणामुळे झाली ते यातून निघत नाही. वरची पायरी उगाच दिली तर उद्या कुणी चिलापी पकडायची मोहीम काढेल आणि नाला तसाच वाहत राहील. 'अपुरी'चा अर्थ निर्दोष असाही होत नाही, हे मी अहवालात ठळक अक्षरांत टाकलंय. सरांचं पूर्ण समाधान झालं नाही, पण शेरा तसाच राहिला.

आता वेगळ्या दिशेनं जायचंय. शेजारशेजारचे दोन पाझर तलाव घ्यायचे, एकात चिलापी असलेला, एकात नसलेला, आणि दोन्हीकडं एकाच जातीच्या देशी माशाची वाढ मोजायची. नदीत जी सरमिसळ होते ती तिथं बरीच टळेल. कवठेमहांकाळकडं चिलापीचा तलाव लगेच मिळाला, ठेकेदारही तयार आहे. अडलंय दुसऱ्यापाशी. 'आमच्यात चिलापी न्हाई' असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या तलावातही पहिल्याच जाळ्याला ती निघते, कारण विकतच्या मत्स्यबीजातून एखाद-दुसरी आलेलीच असते. सांगली-साताऱ्यात खरोखर चिलापी नसलेला तलाव कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा, पण यंदाचं बीज सोडायच्या आत.