जिप्सी उजवं टायर खात होती

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आमच्याकडे जिप्सींचा असतो. पावसाळ्यात बंद असलेली पेंचची सफारी १ ऑक्टोबरला उघडते, आणि त्याआधी नागपूरच्या गॅरेजांत या गाड्यांची रांग लागते. वर्षानुवर्षं मी हे काम करतोय, पण त्या वर्षीची एक जिप्सी डोक्यातून जात नाही.

पेंचच्या सिल्लारी गेटवर गाडी चालवणारा एक भाऊ सकाळीच आला. १३०० सीसीची जिप्सी किंग, वीस वर्षांच्या वरची. त्याने उजवं पुढचं टायर माझ्यापुढे आडवं टाकलं. बाहेरच्या बाजूची नक्षी अजून चांगली होती आणि आतल्या कडेला तार उघडी पडली होती.

"भाऊ, एका सीझनमध्ये हे दुसरं टायर हाय. दोन जागी अलाइनमेंट केली. ते म्हणतात, जिप्सीत कॅम्बर होतच नाही. मंग टायर काहून खाऊन राह्यली?"

ते म्हणाले त्यात अर्धं खरं होतं. जिप्सीला पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा अखंड एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंग. मशीनवर फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं समोर किती आत-बाहेर वळलीत ते, फिरवता येतो. कॅम्बरसाठी, म्हणजे चाक वरून किती आत-बाहेर झुकलंय त्यासाठी, बोल्ट नसतो. पण कारखान्यात पक्का बांधलेला कोन बदलला असेल, तर कुठेतरी काहीतरी झिजलंय किंवा वाकलंय एवढं नक्की. ते न शोधता टो फिरवून पैसे घेतले, याचा मला राग आला. टायर त्या माणसाच्या पोटातून जातं.

मी मशीनकडे गेलोच नाही. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन आधी फरशी तपासली, एका कोपऱ्यात पत्र्याचे तुकडे घालून चारही चाकं एका पातळीत आणली, टायरांत हवा सारखी केली. मग मडगार्डवरून ओळंबा सोडला आणि दोरीपासून रिमची वरची आणि खालची कड पट्टीने मोजली. जिप्सीचं रिम १५ इंची, कडेपासून कडेपर्यंत साधारण ४०० मिलिमीटर. एवढ्या अंतरात ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. डावं चाक वरून ६ मिलिमीटर बाहेर, म्हणजे जसं हवं तसं पॉझिटिव्ह. उजवं मात्र वरून ९ मिलिमीटर आत झुकलेलं. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजलं, आकडा तोच. म्हणजे रिम सरळ होतं.

गाडी लोखंडी घोडीवर चढवली. चाक वरून-खालून धरून हलवलं तर कटकट वाजलं. पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, तरी ढिलाई तशीच. ब्रेक दाबला की हब, ज्यावर चाक बसतं तो, नकलशी म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याशी बांधला जातो. चाकाच्या बेअरिंगची ढिलाई असती तर ती तेव्हाच गेली असती. म्हणजे दोष किंगपिनचा, नकल ज्या खिळीवर वळतो तिचा.

नकल खोलल्यावर गिअर ऑइल, ग्रीस आणि जंगलातली धूळ यांचा काळा चिखल निघाला. खालच्या बेअरिंगच्या कपावर रोलरच्या खाचा बोटाला लागत होत्या. चारही बेअरिंग आणि सील नवीन टाकले, शिम म्हणजे पातळ चकत्या बदलत-बदलत नकल ना सैल ना जड असा बसवला. गाडी खाली उतरवून, पुढे-मागे ढकलून पाटे बसू दिले आणि ओळंबा पुन्हा लावला.

उजवं चाक अजूनही ६ मिलिमीटर आत.

तोवर संध्याकाळ झाली होती. भाऊ म्हणाला, "तिरपी शिम टाकून द्या न भाऊ. परवा गाडी लाइनीत लावायची हाय." नकल आणि स्टब एक्सल, म्हणजे चाकाचा आखूड दांडा, यांच्या मधे तिरपी शिम टाकली की आकडा जुळतो, हे खरं आहे, मीही ती कधीतरी टाकली आहे. पण वाकलंय कुठे हे पाहिल्याशिवाय नाही. मी त्याला म्हणालो, "भाऊ, मागे सहा पर्यटक बसतात, शिवाय गाइड आणि तुम्ही. मला हाउसिंग, एक्सलचं हे लोखंडी कवच, खाली उतरवू द्या." तो बराच वेळ टायरकडे पाहत बसला, मग मान हलवली.

रात्री हाउसिंग उतरवून घासून काढलं. उजव्या नळीच्या वर, पाट्याच्या जागेपासून टोकाच्या गोळ्यापर्यंत, ज्यावर नकल बसतो, लोखंडी पट्टी ठेवून मागे टॉर्च धरला. पट्टीखाली मधोमध उजेड दिसला. डावीकडे उजेड नव्हता. खड्ड्यात चाक आदळलं की रस्ता टोकाला वर ढकलतो आणि पाटा नळीला खाली ओढून धरतो. टोक वर उचललं गेलं की चाकाचं डोकं आत येतं. हिशेब जुळला.

नळी वर वाकली की ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून तिथलं वेल्डिंग तपासायला घेतलं. डिझेल फासलं, थोडं मुरू दिलं, कोरड्या कापडाने पुसून वर खडूची पूड चोळली. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग गोळा आणि नळीच्या जोडावर, अगदी तळाशी, पांढऱ्यावर एक ओली काळी रेघ हळूहळू उमटली. केसाएवढी बारीक, दोन बोटं लांब. पोरगा वाकून पाहत होता, तो आपोआप मागे सरकला.

भाऊला हाक मारली. त्याने बोट लावलं नाही, नुसतं पाहिलं. "परवा हेच घेऊन जाणार होतो मी," म्हणाला.

वाकलेली नळी थंड दाबून सरळ करता येते, ट्रकचे एक्सल तसे करतातच. पण तडा गेलेल्या जोडावर दाब द्यायला मी तयार नव्हतो, आणि वेल्ड भरून जंगलात पाठवायलाही नाही. दुसऱ्या दिवशी घाट रोडला विचारपूस करून जुनं हाउसिंग मिळवलं. ते विकत घेण्याआधी दुकानातच पट्टी, टॉर्च, डिझेल, खडू सगळं केलं. दुकानदार वैतागला, पण गप्प राहिला.

बसवल्यावर डावं ६, उजवं ५ मिलिमीटर, दोन्ही वरून बाहेर. कॅम्बर हलला की टोही हलतो, म्हणून तो शेवटी लावला. मग जबलपूर रोडवर गाडी नेली आणि स्टिअरिंगवरचे हात अलगद सैल केले. गाडी सरळ गेली.

दिवाळीनंतर तो भाऊ ऑइल बदलायला आला. मी काही बोलायच्या आत तो उजव्या चाकापाशी उकिडवा बसला आणि मला नक्षीची खोली मोजायचं मापक मागितलं. आतल्या कडेला ७ मिलिमीटर, बाहेरच्या कडेला ७ मिलिमीटर. त्याने दोन्ही आकडे स्वतः दोनदा वाचले.