शनिवार, लेथ आणि जळक्या केसांचा वास

आज अख्खा शनिवार शेडमध्ये लेथवर (तुकडा गरगर फिरवून कातायचं यंत्र) गेला. इथे स्कॉटलंडमध्ये रेड डिअरचे नर मार्च-एप्रिलमध्ये शिंगं गाळतात, तसलंच एक घेऊन ठेवलेलं, त्याचा पेन करायचा होता. (आपल्याकडे हा नाद करू नका, चितळ-सांबराचं गळून पडलेलं शिंगही घरी ठेवता येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.) हरणाचं शिंग म्हणजे मुळात हाडच, वरून टणक आणि आत स्पंजासारखं भोकाभोकाचं, त्यात वाकडं, म्हणजे ७ मिमीचं ड्रिल सरळ घालायचं म्हणजे नशीबच. पहिला तुकडा गेलाच, ड्रिल बाजूने बाहेर! दुसऱ्याच्या भोकांत पातळ सुपरग्लू मुरवला, मग पेनाची पितळी नळी एपॉक्सी गोंदाने आत बसवली आणि अगदी हलक्या हाताने कातलं. मास्क मात्र पाहिजेच, ती पांढरी धूळ फार बेकार.

मग म्हशीचं शिंग घेतलं. ते वेगळंच प्रकरण, आपल्या नखा-केसांसारखं केराटिन. तापलं की वास असा की बायको खिडकीतून ओरडली, "काय जाळतोयस रे?" पण पाणी लावून पॉलिशपेपर मारत मारत बारीक नंबरावर गेलो आणि काळ्यात मधाच्या रंगाची एक रेघ उमटली ना, बघतच बसलो. आजीची शिंगाची फणी अशीच होती. आईला व्हिडिओ कॉलवर पेन दाखवला तर म्हणे, "छान आहे, पण अंघोळ करून मग जेवायला बस."