गेटहाउस 'रोड' आणि वाया गेलेले अकरा दिवस

काल रात्री रहस्यकादंबरीतल्या संशयितांच्या प्रवासाचा तक्ता फाडला. अख्खा. चार ग्राफ पेपर चिकटवून केलेला, सहा संशयितांना सहा रंग दिलेला, मागच्या नोंदीत ज्याचं मीच तोंड भरून कौतुक केलं होतं तोच.

आधी चांगली बातमी. ती कादंबरी म्हणजे इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्सबाईंची 'द फाइव्ह रेड हेरिंग्ज' (१९३१), आणि तिच्यातली हरवलेली वस्तू सापडली! मेलेल्या चित्रकाराची थैली तपासताना बाईंचा डिटेक्टिव्ह विम्झी याला एक गोष्ट दिसत नाही, तो सार्जंटला ती शोधायला सांगतो, आणि नेमकं तिथेच बाई म्हणतात की हुशार वाचकाला हे कळलंच असेल, म्हणून तपशील गाळला आहे. मला नव्हतं कळलं. चार दिवस थैलीतल्या वस्तूंची यादी घेऊन लोकलमध्ये उभी होते. शेवटी तैलरंगात काम करणाऱ्या आतेबहिणीला यादी आणि चित्राचं वर्णन नुसतं वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. "मग हे चित्र काढलं कशानं?" एवढंच म्हणाली. पुढचं मला सुचलं, तेव्हा ही उकल निम्मी माझी. वस्तूचं नाव इथे लिहीत नाही. बाईंनी गाळलं, मीही गाळते.

आता रडगाणं. सगळा खेळ नैऋत्य स्कॉटलंडमधल्या गॅलोवेतल्या रेल्वेगाड्यांचा आहे हे आपल्याला माहीतच आहे. प्रस्तावनेतच बाई ठणकावून सांगतात की गावं खरी आहेत आणि गाड्याही खऱ्या आहेत. म्हणून मी आडवी वेळ आणि उभी स्टेशनं असा तक्ता मांडला: डम्फ्रीज, कासल डग्लस, न्यू गॅलोवे, गेटहाउस, क्रीटाउन, न्यूटन स्टुअर्ट आणि पार पश्चिमेला स्ट्रनरार. कर्कूब्रीचा फाटा कासल डग्लसपासून वेगळा. (स्पेलिंग बघून 'कर्ककडब्राइट' वाचणाऱ्यांत मीही होते, हसू नका.) गाडीची रेघ उभट, सायकलची आडवट, मोटारीची मधली. दिसायला झकास. पण कोणाचीही हालचाल काढली की तो वेळेआधीच पोचायचा. सहाच्या सहा जण खून करून, चहा पिऊन, परत घरी. अॅलिबी (खुनाच्या वेळी दुसरीकडे होतो हा पुरावा) कुणाचीच तुटेना, कारण अॅलिबीची गरजच कुणाला पडेना.

अकरा दिवस वाटलं की वेळा उतरवताना चुकले. दोनदा पुन्हा उतरवल्या. ई-आवृत्तीतला नकाशा मोठा केला की नुसता धूर दिसतो. प्रकाशकाचं नाव घेत नाही, पण नकाशावर बेतलेल्या पुस्तकात नकाशाच वाचता येऊ नये?

परवा काका आले. रेल्वेत कंट्रोलला, म्हणजे गाड्यांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या खात्यात होते, असल्या रेघा मारण्यात हयात गेली. चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आणि बोट ठेवलं गेटहाउसवर. "अगं, गाव आणि स्टेशन एकाच रेघेवर कसं लावलंस? अंतर किती आहे मधे?"

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे जुने नकाशे घरबसल्या फुकट बघता येतात (या छंदात याहून मोठा उपकारकर्ता नाही). उघडले. गेटहाउस गाव फ्लीट नदीच्या मुखाशी, जवळपास समुद्रावर. रेल्वे मात्र किनारा सोडून वरच्या डोंगरातून गेलेली. स्टेशन गावापासून सुमारे सहा मैल, म्हणजे जवळजवळ दहा किलोमीटर, आणि तेही चढावर! काका म्हणाले, "म्हणजे हे गेटहाउस नाही, गेटहाउस रोड." सावंतवाडी रोडला उतरून गावात जायला रिक्षा शोधणाऱ्या बाईला हे सुचू नये! हा मार्ग १९६५ साली बंद झाला, त्यामुळे आजच्या नकाशावर स्टेशन शोधायचं डोक्यातही आलं नव्हतं.

सायकलवर चढाला पाऊण तास तरी धरा. गेटहाउसमध्ये राहणाऱ्या फर्ग्युसन आणि स्ट्रॅकन या दोन संशयितांचे सगळे हिशेब बदलले, आणि तिथून ये-जा करणाऱ्या बाकीच्यांचेही. म्हणून फाडला.

रविवारी नवा तक्ता काढायचा, गाव आणि स्टेशन दोन वेगळ्या रेघांवर, असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचतंय की सगळ्यांना एकाच कागदावर कोंबायचंच कशाला? खाली फक्त गाड्या, पक्क्या शाईत. प्रत्येक संशयित स्वतंत्र ट्रेसिंग पेपरवर. हवा तो वर ठेवायचा, नको तो काढायचा. चुकला तर एकच कागद फाडायचा. हे आधी कुणी करून पाहिलंय का? ट्रेसिंग पेपर सुरकुततो, तेवढीच धास्ती आहे.

पुढच्या वाचनाचंही बदललं. या तापानंतर रेल्वेच्या वेळापत्रकांवर रहस्यकथा रचणारा फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स रद्द करून जॅनिस हॅलेटचं 'द अपील' (२०२१) घेणार होते: फेअर प्ले (सगळे धागेदोरे वाचकासमोर ठेवणं) तोच, पण गाड्यांऐवजी ईमेल आणि मेसेज. मात्र क्रॉफ्ट्स स्वतः रेल्वे इंजिनिअर होता हे बोलता बोलता काकांना सांगून बसले. आता त्यांनाच क्रॉफ्ट्सचा डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर फ्रेंच हवा आहे. हॅलेट पावसाळ्यात.

पुस्तकातली स्कॉटिश बोली कशी समजून घ्यायची, असं मागे एका वाचकानं विचारलं होतं. मोठ्यानं वाचा, निम्मं समजतं. उरलेलं निम्मं सोडून द्या.

आणि हो, जाताना काकांनी त्या फाटक्या तक्त्यावरूनच, पुस्तकाचं एक पानही न वाचता, खुन्याचं नाव सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, "याची एकही गाडी चुकत नाही. असा प्रवासी मी नोकरीत पाहिला नाही."