मावशी, तुम्हाला पेन्शन किती?

"मावशी, तुम्हाला पेन्शन किती मिळतं?" शेजारच्या अकरावीतल्या पोरीनं आज ताईला सहज विचारलं, पुढच्या वर्षी एनडीएचा (सैन्यात ऑफिसर घडवणाऱ्या अकादमीचा) फॉर्म भरायचाय म्हणून माहिती घ्यायला आलेली. ताई आर्मीत ऑफिसर होती. पोरीच्या वहीत पेन्सिलनं खुणा करता करता म्हणाली, "नाही गं मिळत. आमचं चौदा वर्षांत संपलं."

पोरीचा चेहरा असा झाला की जणू ताईचंच काहीतरी चुकलं असेल. काही चुकलं नव्हतं! तेव्हा बायकांना बहुतेक शाखांमध्ये फक्त शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी, जास्तीत जास्त १४ वर्षं, आणि ऑफिसरला पेन्शन लागायला २० लागतात. म्हणजे ऐन उमेदीत, हाताखालची माणसं सांभाळायचा अनुभव आलेला असताना बाहेर, आणि बरोबरच्या पुरुषांना मात्र पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा, रस्ता मोकळा.

२०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं हे बदलायला लावलं. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएत पहिल्या मुली आल्या आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी पासआउट झाल्या, तो दिवस बघून मला खरंच भरून आलं होतं. इन्फन्ट्री अजून बंदच आहे म्हणा.

ताई मात्र तासभर पोरीला एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडायच्या चाचण्या आणि मुलाखत, समजावत बसली. "ग्रुप टास्कला आरडाओरडा करू नकोस, फळी कुणाला झेपत नाहीये ते बघ आणि जाऊन धर."

असं शिकवणारी माणसं आपण चौदा वर्षांत घरी बसवली. त्यांचा हिशोब कोण करणार?