पान लागणे

रविवारी दुपारी मी एअर प्लांट पाण्यात बुडवून ठेवला होता आणि वर्तमानपत्र चाळून परत येतो तो काय, आमचा बंड्या त्याच वाडग्यातले पाणी मोठ्या समाधानाने लपलप पीत उभा होता. दोन पानांची टोकेही कुरतडलेली दिसत होती. घरात एकच गहजब उडाला. हे झाड कुत्र्याला चालते का, हे भाचीने ते भेट दिले त्याच दिवशी विचारायला हवे होते. परंतु मातीविना जगणाऱ्या त्या करड्या झुबक्याला आम्ही झाड मानलेच नव्हते.

चौकशीअंती कळले, की टिलँडसिया नावाची ही मूळची अमेरिका खंडातली मंडळी अननसाच्या कुळातली असून कुत्र्यांना त्यांच्यापासून विषबाधा होत नाही. फारच पाने खाल्ली तर एखादी उलटी होईल, इतकेच. धोका असलाच तर तो झाड शिंपल्यावर बसवण्यासाठी वापरलेल्या गोंदाचा आणि तारेचा, किंवा भिजवण्याच्या पाण्यात मिसळलेल्या खताचा. मी खत घालत नाही. आळसाचा असाही उपयोग होतो.

वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या झाडाला दिलेले नाव 17व्या शतकात फिनलंडमधल्या तुर्कू येथे शिकवणाऱ्या एलियास टिलँड्झ या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आले आहे. त्या गृहस्थांना म्हणे बोट इतकी लागली, की परतीचा प्रवास त्यांनी समुद्राला वळसा घालून जमिनीवरून केला. पाण्याशी असेच वाकडे असलेले झाड, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात ते पानांवरच्या बारीक खवल्यांनी पाणी पिते, बंड्याइतक्याच आवडीने.

या निमित्ताने घरातल्या इतर कुंड्यांचीही झडती झाली. वीस वर्षे स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाटलीत वाढणारा मनी प्लांट अळूचा भाऊबंद निघाला. चिंच कमी पडलेले फतफते खाऊन ज्याचा घसा खवखवला आहे, त्याला अधिक सांगायला नको. तेच सुयांसारखे स्फटिक मनी प्लांटच्या पानांत असतात आणि कुत्र्याच्या तोंडाची आग करतात. कुत्र्यांना विषारी झाडांच्या यादीत कोरफडही होती, आणि ती तर आम्ही औषध म्हणून लावलेली.

यादीत कण्हेरही होती. रत्नागिरीकडच्या आमच्या घरी गडग्याला लागून लाल कण्हेरीची रांग होती. सकाळी आजी गणपतीसाठी परडीभर फुले काढायची आणि मोत्या तिच्या पायांत घोटाळत असायचा. कण्हेरीचे सर्वांग विषारी, ते विष थेट हृदयावर चालते, गुरे तिला तोंड लावत नाहीत म्हणून तर ती कुंपणाला लावायची, हे सगळे आजीला ठाऊक होते. पण कुत्रा कुठे पाला खातो? मोत्या मात्र गवत खायचा आणि मग ओकायचा. मी चौथीत असताना एका सकाळी तो त्या रांगेच्या मुळाशी आडवा झालेला सापडला. अंगावर जखम दिसत नव्हती. आमच्याकडे सापाचे नाव घेत नाहीत. आजी एवढेच म्हणाली, ‘‘पान लागलं असेल हो त्याला.’’

परवा कुरतडलेले पान हातात धरले, तेव्हा ते वाक्य पुन्हा ऐकू आले. इतकी वर्षे मी त्याचा एकच अर्थ लावत आलो होतो.